सलग जग आणि सुटे आकडे

गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. बी.एस्सी.ला गणितात चांगला होता. आता पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलला आणि मग हळूच आपली फजिती सांगू लागला. गावच्या पतसंस्थेसाठी त्याने एक छोटे यंत्र तयार करून दिले होते. पिग्मी गोळा करणारा एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो, कोणाकडून दहा, कोणाकडून पन्नास रुपये घेतो, खातेक्रमांक आणि रक्कम यंत्रात दाबतो. संध्याकाळी यंत्र संस्थेच्या संगणकाला जोडले की दिवसाचा हिशेब आपोआप वर चढतो. गावचे काम म्हणून त्याने पैसेही घेतले नव्हते. दहा खाती भरून तपासले, पन्नास भरून तपासले, शेवटी दोनशे भरून तपासले. तिन्ही वेळा पै न पै जुळली आणि यंत्र सुरू झाले.

चार महिन्यांनी भाजी विकणाऱ्या एक मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी पैसे काढायला आल्या. संगणकावर त्यांच्या नावापुढे शून्य. त्यांचा खातेक्रमांक होता २५६.

यंत्रात खातेक्रमांकासाठी एकच बाइट राखलेला होता. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. त्यानंतर, मोटारीचा मीटर सगळे नऊ संपले की पुन्हा शून्यावर येतो तसा, बाइटही शून्यावर येतो. शून्य क्रमांकावर आमच्या विद्यार्थ्याने तपासणीसाठी एक नमुना खाते ठेवले होते. मावशींचे चार महिन्यांचे पैसे त्या खात्यात निमूटपणे साठत होते. मावशी शेवटच्या सभासद होत्या म्हणून प्रकरण एवढ्यावर निभावले. २५७ वा सभासद असता तर त्याचे पैसे पहिल्या क्रमांकाच्या खातेदाराला मिळाले असते. मावशींचे पैसे मात्र बुडाले नाहीत. त्या घरच्या भिंतीवर रोज कोळशाने एक रेघ ओढत होत्या, आणि त्या रेघा एजंटच्या कागदी वहीशी तंतोतंत जुळल्या.

"सर, दोनशेपर्यंत तपासलं होतं की! दोनशेला चाललं ते दोनशे छप्पन्नला का चालू नये?"

त्याचा हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. "अरे, एकाऐवजी दोन बाइट घ्यायचे," असे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण दोनशेला चालले ते पुढेही चालेल असे त्याला मुळात वाटले का, हा खरा विचार करण्यासारखा भाग आहे. आणि मला असे म्हणावेसे वाटते की, तसे वाटण्याची सवय त्याला आम्ही लावली. आम्ही म्हणजे गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारे. थोडी भर स्वयंपाकघराने आणि शेतानेही घातली असेल, पण तो दोष त्यांच्याकडे ढकलणे बरे नाही.

ज्या जगात आपण वाढतो ते बहुतांशी सलग आहे. आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडले तर आमटी चिमूटभरच खारट होते. विष होत नाही. गॅसची चावी थोडी फिरवली की ज्योत थोडी वाढते. प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगला १०० ग्रॅमचे वजन लावून ताण मोजला, ३०० ग्रॅमचे लावून मोजला, की २०० ग्रॅमला काय होईल हे न लावताही सांगता येते. कारणात थोडा बदल तर परिणामात थोडा बदल, यालाच आम्ही वर्गात फळ्यावर एप्सिलॉन-डेल्टाची भाषा वापरून 'सातत्य' म्हणतो, आणि त्या व्याख्येने पहिल्या वर्षाच्या निम्म्या वर्गाला घाम फोडतो. व्याख्या कळो न कळो, तिच्यातला विश्वास मात्र विद्यार्थ्याच्या अंगात मुरतो.

अभियंत्यांचे तर सगळे शास्त्रच या विश्वासावर उभे आहे. पुलावरून ४० टनांचा भार सुखरूप गेला तर ३० टनांचाही जाणार. त्यासाठी वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही. शंका असेल तर तुळई थोडी जाड करायची, सळई वाढवायची. त्याला सुरक्षा-गुणांक म्हणतात. चाचण्या मोजक्या, पण त्यांच्यामधली सगळी जागा निसर्ग स्वतः भरून देतो.

संगणकाच्या आज्ञावलीत ही मधली जागा कोणी भरून देत नाही. तेथे सगळे काही सुट्या अवस्थांचे आहे. ७ आणि ८ शेजारी आहेत हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. यंत्राला ० आणि १ यांच्या दोन वेगवेगळ्या ओळी ठाऊक. एका 'जर'चा निकाल उलटा लागला की आज्ञावली अगदी दुसऱ्याच वाटेने निघून जाते, आणि त्या वाटेवर काय लिहून ठेवले आहे याचा पहिल्या वाटेशी काही संबंध असेलच असे नाही. पाठ्यपुस्तकी भाषेत पहिल्या प्रकाराला 'संतत' आणि दुसऱ्याला 'विविक्त' म्हणतात. मी या लेखात सलग आणि सुटे एवढेच म्हणतो.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅनडातील डेव्हिड पार्नास. अमेरिकेच्या अंतराळ-संरक्षण योजनेसाठी नेमलेल्या संगणक समितीचा त्यांनी १९८५ मध्ये राजीनामा दिला. शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच पाडणारी एवढी मोठी आज्ञावली भरवशाची असूच शकणार नाही, असे त्यांचे मत होते. ते का, हे सांगताना त्यांनी सलग यंत्रणा आणि सुटी यंत्रणा यांतील भेदाला पायाभूत स्थान दिले. सलग यंत्रणेला आधार देणारे गणित आपल्याकडे आहे; सुट्या यंत्रणेत अवस्था थोड्या असतील तर त्या सगळ्या तपासता येतात; अवस्था पुष्कळ असूनही एकाच साच्याची पुनरावृत्ती असेल, तर तो साचा तपासला की पुरते. आज्ञावलीत मात्र अवस्था अगणित आणि पुनरावृत्तीही नाही. हॉलंडचे एड्सगर डिक्स्ट्रा यांनी त्याच्याही आधी बजावून ठेवले होते की, चाचणीने चूक आहे हे कळते; चूक नाही हे कळत नाही.

अगणित म्हणजे किती, याचा एक हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारा एक साधा तुकडा घ्या. संभाव्य जोड्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्ये यांच्या किंचित पुढे. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षे लागतील. विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने हे काम सुरू करून दिले असते, तर ते आमच्या पिढीत कुठे संपत आले असते. आणि ही नुसती बेरीज!

कोणी म्हणेल, पिग्मीचा विद्यार्थी तपासलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला, म्हणून फसला. मर्यादेच्या आत तर भरवसा ठेवता येईल? तेही नाही. १९९४ मधले इंटेलच्या पेंटियम चिपचे प्रकरण पाहा. त्या चिपमध्ये भागाकारासाठी एक कोष्टक कोरलेले होते. त्यातल्या १०६६ नोंदींपैकी ५ नोंदी राहून गेल्या होत्या. कोट्यवधी भागाकार बरोबर येत होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेले थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत बसले होते. व्यवहारात कवडीचा उपयोग नसलेले काम, असे आमचे वाणिज्य शाखेचे मित्र म्हणतील. बेरीज जुळेना म्हणून त्यांनी एकेक शक्यता बाजूला काढली आणि दोष चिपच्या भागाकारात आहे हे दाखवून दिले. कंपनीचे म्हणणे असे की, यदृच्छेने घेतलेल्या ९०० कोटी भागाकारांत एखादाच चुकेल. शेवटी तिला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. चुकणाऱ्या संख्यांच्या डावी-उजवीकडच्या संख्या निर्धोक होत्या. पुलाच्या बाबतीत असे घडते का? ३९ टन चालतात, ४१ टन चालतात आणि नेमक्या ४० टनांना पूल कोसळतो, असा पूल कोणी पाहिला आहे का?

येथे आमच्या पदार्थविज्ञान विभागातील स्नेही हरकत घेतात. सलग जगातही उड्या असतात, असे ते म्हणतात. पाणी तापत तापत जाते आणि एका अंशावर उकळते. शिवाय एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घातल्यावर पुढचे सगळे हवामानच निराळे मिळाले. हरकत रास्त आहे. पण लॉरेन्झ यांच्या त्या दोन वाटा आरंभी एकमेकींच्या अगदी जवळून चालल्या होत्या आणि हळूहळू दूर गेल्या. निसर्गातल्या उड्या मोजक्या, आणि बहुधा आधी कुरकुर करून येणाऱ्या. मावशींच्या खात्याने कसलीच कुरकुर केली नाही.

यावरून सलग गणित कालबाह्य झाले, असा अर्थ कोणी काढील तर ती मोठी चूक ठरेल. संगणक ज्या जगाची कामे करतो ते जग सलगच राहिले आहे, आणि सलग गोष्टीचे सुटे तुकडे करताना सांडलवंड होते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मेले. त्या यंत्रणेत काळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजला जात होता. आपल्याला एक-दशांश म्हणजे ०.१, अगदी सुटसुटीत. पण दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा ०.३३३… असा संपतच नाही, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश संपत नाही. तो २४ बिटांत तोडून बसवला होता. प्रत्येक ठोक्याला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी चूक. यंत्रणा सलग १०० तास चालू राहिली, ३६ लाख ठोके पडले आणि चूक साचून ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. आज्ञावली लिहिणाऱ्याला द्विमान संख्या समजत नव्हत्या असे मी म्हणणार नाही. पण संख्याश्रेणीत लहान चुका कशा साचत जातात, हा आमच्या जुन्या अभ्यासक्रमातला कंटाळवाणा धडा त्या जागी कोणीतरी मनावर घ्यायला हवा होता.

घरातले उदाहरण द्यायचे तर गच्चीवरच्या टाकीचे. पाणी खुणेच्या खाली गेले की पंप सुरू, वर आले की बंद, अशी आज्ञावली नवशिक्या विद्यार्थी लिहितो. कागदावर ती निर्दोष आहे. पण पाणी हलते, त्यावर लहरी उठतात. खुणेजवळ आले की पंप चालू-बंद, चालू-बंद करीत बसतो आणि आठवड्यात मोटर जळते. म्हणून खुणा दोन हव्यात. खालचीवर सुरू करायचा, वरचीवर बंद करायचा आणि मधल्या पट्ट्यात आहे ते चालू ठेवायचे. गल्लीतल्या वायरमनला हे पाठ असते. आम्ही परीक्षकसुद्धा हेच करतो. ३५ ला उत्तीर्ण ही सुटी रेघ खरी, पण आमच्या तपासणीत दोन-तीन गुणांची लहर असते हे आम्हांला मनोमन ठाऊक असते, म्हणून ३३ च्या आसपासचा पेपर आम्ही पुन्हा उघडतो.

हा पुन्हा उघडण्याचा व्यवहार आता नाहीसा होऊ लागला आहे, आणि या लेखाचे खरे दुखणे तेथे आहे.

आपला हा अंक दोन भाषांचा. याच अंकाच्या कन्नड विभागात ज्या मुलांची नावे येतील त्यांतली काही मराठी विभागातही असतील, आणि त्याच मुलांची रोमन लिपीतली नावे त्यांच्या गुणपत्रिकांवर आहेत. सीमाभागात एका नावाचे तीन अवतार असणे हे आपल्याला नवे नाही. लक्ष्मण हे नाव रोमनमध्ये कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच' घालून. पाटील कोणी 'आय'ने लिहितो, कोणी दोन 'ई' लावून. शहराच्या नावाचेसुद्धा १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या कागदावर एक रूप आणि नंतरच्या कागदावर दुसरे. माणसाच्या नजरेला ही नावे जवळजवळ सारखी. शाळेतला जुना हेडक्लार्क दोन्ही कागद शेजारी ठेवून, चष्म्यावरून तुमच्याकडे एकदा पाहून, "हा तोच," म्हणून शिक्का मारीत असे. संगणकापाशी 'जवळजवळ' नाही. दोन नावे एक तर सारखी, नाही तर वेगळी. एका अक्षराचा फरक आणि पूर्ण नावाचा फरक त्याच्या लेखी एकच.

आमच्याच एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती दोन वर्षे अशी अडकली. आधारवर तिच्या नावाच्या शेवटी एक 'ए', दहावीच्या दाखल्यावर दोन. कार्यालयातला माणूस सज्जन होता. तो म्हणाला, "मला दिसतंय हो ताई, तुम्हीच आहात. पण मशीन घेत नाही." प्रतिज्ञापत्र, नोटरी, वर्तमानपत्रात जाहिरात, आणि दर खेपेला वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडाली. पैसे शेवटी आले, तेव्हा तिचे शेवटचे वर्ष संपले होते.

याहून गमतीची, किंवा याहून चीड आणणारी, गोष्ट आपल्या स्वतःच्या लिपीत आहे. 'कुऱ्हाडे' या नावातला 'ऱ्ह' संगणकात निदान दोन प्रकारे टंकित करता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलंत लावून पुढे एक न दिसणारे चिन्ह घालतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसू शकतात. संगणकाच्या पोटात दोन्ही वेगळ्या आकड्यांच्या ओळी. आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच तजवीज केली नसेल, तर यादीत डोळ्यांसमोर असलेला मनुष्य शोधूनही सापडत नाही, आणि का सापडत नाही हे खिडकीमागच्या कारकुनाला जन्मात कळणार नाही.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. नावे उच्चारावरून जुळवण्याच्या एका पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९१८ मध्येच घेतले गेले होते. दोन शब्दांत किती अक्षरे बदलली, गळली वा वाढली हे मोजून त्यांच्यातले 'अंतर' ठरवण्याची रीत रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये दिली. म्हणजे सुट्या जगात 'जवळपणा' मुळात नसतो, पण तो बांधून घेता येतो. टाकीच्या दोन खुणांसारखा मधला पट्टा ठेवून, त्या पट्ट्यातली प्रकरणे नाकारण्याऐवजी माणसाकडे पाठवता येतात. चुकीच्या माणसाला पैसे जातील ही भीती खरी आहे, म्हणून ती आपोआप मंजूर करा असे मी म्हणत नाही. पण हा पट्टा ठेवायचा की नाही, तो किती रुंद ठेवायचा, हा निर्णय कुठेतरी एक तेवीस-चोवीस वर्षांचा प्रोग्रामर दुपारच्या चहाच्या आधी घेऊन टाकतो. बरोबरीचे चिन्ह टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. तो मुलगा आपल्याच बाकांवरून गेलेला असतो.

म्हणून सहकारी अध्यापकांना माझे सांगणे असे की, कलनशास्त्राच्या जोडीला तर्कशास्त्र, संच, आलेख, गणनाशास्त्र आणि विगमन हे विषय "ते संगणकवाल्यांचे" म्हणून बाजूला सारू नयेत. विशेषतः विगमन. न संपणाऱ्या प्रकरणांना एका युक्तिवादात बांधणारे दुसरे साधन आपल्याजवळ नाही, आणि आपण ते बेरजेची चार सूत्रे सिद्ध करण्यापुरते शिकवतो. 'n ला खरे तर n+1 ला खरे' ही पायरी मावशींच्या खात्यावर लावून पाहिली असती, तर २५५ वरून २५६ कडे जाताना ती पायरी तुटलेली दिसली असती. आणि संगणक विभागातील विद्यार्थ्यांना सांगणे असे की, आमच्या एप्सिलॉन-डेल्टाला हसू नका.

पुढच्या सत्रापासून शनिवारी शेवटच्या तासानंतर गणित विभागात असे प्रश्न सोडवायला बसण्याचा विचार आहे. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने यावे. पहिल्या दिवशीचे प्रश्न आताच देतो: पिग्मीच्या यंत्राची तपासणी तुम्ही कोणत्या पाच खातेक्रमांकांवर केली असती, आणि तेच का? आणि दुसरा: आपले स्वतःचे नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि रोमनमध्ये आतापर्यंत किती प्रकारे लिहिले गेले आहे, ते घरातले सगळे कागद काढून, मोजून आणावे.